आधी निचरा, मग नगर

नगरे आज्ञेने स्थापन होतात. वाढतात मात्र ती पाण्याच्या व्यवस्थेवर. मांडवीकाठचे पणजी हे याचे बोलके उदाहरण होय. जुने गोवे हे एकेकाळचे समृद्ध नदीबंदर रोगराईने ओस पडत गेले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीस हलविला. परंतु तेवढ्याने शहर उभे राहिले नाही. दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु याने १८२७ ते १८३५ या काळात दलदली बुजविल्या, रस्ते आखले, सरकारी इमारती बांधल्या. त्यानंतर १८४३ मध्ये पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. दलदल बुजविण्याचा लाभ सर्वांस मिळतो, म्हणून तो खर्च कोणी एकटा व्यापारी करीत नाही. तो भार आरंभी शासनसंस्थेनेच उचलावयाचा असतो.

मन्याडकाठच्या आपल्या कंधारातही राष्ट्रकूटकाळातील जगत्तुंग सागर पाण्याच्या नियोजनाची साक्ष देतो. आज मात्र मराठवाड्यातील अनेक गावे उलट्या क्रमाने वाढतात. आधी शेताचे भूखंड पडतात, मग घरे उठतात. नाली येते ती सर्वांच्या शेवटी. जमिनीची चढलेली किंमत विकणाऱ्याच्या पदरात आणि साचलेले पाणी राहणाऱ्याच्या दारात, असा हा व्यवहार आहे!

नगरपालिकेने नाल्या आधी बांधाव्यात आणि त्यांचा खर्च भूखंड पाडणाऱ्याकडून मंजुरीच्या वेळीच वसूल करावा. ज्या वाढीचा हिशेब पावसाळ्यात चुकतो, तिला विकास कसे म्हणावे?