विष उतरले, भीती उरली

ज्येष्ठ वाचकहो, पावसाळ्यात धामणगाव बढे किंवा मोताळा तालुक्यातील कोणत्याही गावी घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आजीजवळ जमिनीवरच्या अंथरुणात झोपलेला नऊ वर्षांचा नातू पहाटे पोटदुखीने उठतो. थोड्याच वेळात पापण्या मिटू लागतात, शब्द अडखळतात. मण्यारीचा दंश असाच असतो. रात्री, झोपेत, बहुधा वेदनेवाचून, आणि दातांची खूणही धड दिसत नाही. बुलढाण्याला नेल्यावर प्रतिविष मिळते, काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते आणि मूल घरी परतते. देवापुढे नारळ फुटतो. घराच्या लेखी संकट टळलेले असते.

महिना उलटतो, तरी नातू जमिनीवर झोपायला तयार नसतो. अंथरूण तीनतीनदा झटकायला लावतो, चादरीच्या सुरकुतीने दचकतो. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. धाकट्या बहिणीला निजवून ‘सलाईन’ लावण्याचा एकच खेळ तो पुनःपुन्हा खेळतो. शाळेच्या वेळी पोट दुखले की घरचे म्हणतात, आजारपणात फार लाड झाले.

हे लाड नव्हेत. यास आघातोत्तर तणाव म्हणतात. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हा विकार आला, तेव्हा विचार मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा होता. रुग्णालयाच्या खाटेवरचे मूलही त्यातून जाते, हे पुढे हळूहळू उमगत गेले. पहिले काही आठवडे अशी भीती पुष्कळ मुलांत दिसते व बहुतेकांत आपोआप ओसरते. महिन्यानंतरही ती टिकली आणि झोप, शाळा, खेळ बिघडवू लागली, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावयास हवे.

मण्यारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तिचे विष स्नायू लुळे पाडते. शुद्ध हरपतेच असे नाही. मुलाला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण ऐकू येत असते. खाटेशेजारी कोणी ‘आता काही खरे नाही’ म्हणून हुंदका दिला असेल, तर तो त्याने ऐकलेला असू शकतो. ही आठवण पोटात घेऊन ते घरी येते आणि आपण मायेने सांगतो, ‘विसर आता ते!’

दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, त्यात मुलाला जवळ घेणे तरी घडते. परंतु तेवढ्यावर थांबू नका. निवांत वेळी विचारा, ‘तेव्हा तुला काय ऐकू येत होते रे?’ बोलले तर मध्ये न तोडता ऐका. न बोलले तर कागद-रंग द्या, आग्रह नको. ‘हो, आम्ही फार घाबरलो होतो, पण डॉक्टरांनी तुला बरे केले,’ असे खरे उत्तर द्या. काही मुलांना वाटते की आपण खाटेवर झोपलो नाही, म्हणून हे घडले. चूक त्याची नव्हती, हे स्पष्ट शब्दांत सांगा. (आजीबाई, तुमचीही नव्हती. शेजारी निजलेल्या माणसाच्या मनालाही हाच तणाव ग्रासू शकतो, आणि मूल तुमचा चेहरा वाचत असते.) खाटेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचण्याचे काम त्याच्याच हाती द्या, मण्यारीपासून तो खरोखरचा बचाव आहे. सुईची धमकी कधीही देऊ नका. सुई टोचायची असेल, तर दुखेल हे आधीच सांगा.

आपल्या डबीतील झोपेची गोळी नातवाला देण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळा. यावरचा मुख्य उपचार औषधाचा नसून प्रशिक्षित समुपदेशकासमवेत टप्प्याटप्प्याने बोलण्याचा आहे व त्यात घरच्यांनाही सहभागी करून घेतात. टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. फेरतपासणीला जाल तेव्हा जखम आणि अशक्तपणा यांबरोबर झोपेचीही तक्रार डॉक्टरांच्या कानी घाला, आणि पोटदुखी नुसती भीतीची समजण्याआधी पोट तपासून घ्या.