पदवी आहे, काम येते का?

निकालाचे दिवस आले की आमच्या कबनुरात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. कारखानदार म्हणतात, ‘पदवीधर पुष्कळ, कामाचे थोडे.’ आईबाप म्हणतात, ‘पोराने शिकून मिळवले काय?’ दोघांचेही बोट कॉलेजकडे असते. मला हा निवाडा अर्धाच खरा वाटतो.

कबनूर इचलकरंजीला खेटून आहे. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या भागाचे पोट सुतावर आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, इचलकरंजीतली वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी डीकेटीई संस्था १९८२ ची. काम आणि शिक्षण दोन्ही दाराशी असूनही त्यांची गाठ पडत नाही, ती का?

कारखानदाराच्या अपेक्षा दोन प्रकारच्या असतात. एक उदाहरण पाहा. इंचाला ५२ पीक, पन्हा ५० इंच, बाण्याचे सूत ४० काउंटचे. मीटरभर कापडाला बाण्याचे सूत किती लागेल? काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो आकडा. एवढे सांगितले की उत्तर निघते : सुमारे ३८ ग्रॅम, घट वेगळी. गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही. तरी चांगल्या गुणांचा पदवीधरही इथे अडखळतो, कारण शिकलेले गणित समोरच्या वस्तूला लावून पाहण्याची सवयच त्याला नसते. ही सवय, चार ओळींचे स्वच्छ पत्र लिहिणे आणि ‘मला हे समजले नाही’ असे वेळेवर सांगणे, हे शिकवायला वर्षे लागतात. ते कॉलेजचेच काम आहे आणि तिथे कॉलेजे कमी पडतात.

दुसरा प्रकार वेगळा. अमुक एक यंत्र, पेढीतली संगणकावरची हिशेबपद्धत, व्यापाऱ्यांची रीत या गोष्टी कामावरच येतात. आपल्याकडचा जॉबर दुसऱ्या जॉबरच्या हाताखाली तयार झाला. त्याच्या शिकण्याचा खर्च कारखान्याने सोसला. आता जाहिरातीत ‘अनुभव आवश्यक’ असते. पण पहिला अनुभव द्यायचा कोणी?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या काळातच प्रत्यक्ष कामाला जागा दिली. पण मामाच्या दुकानाचा शिक्का आणून तास भरले, तर कागद वाढेल, कसब नाही. ‘शिकवला की पोरगा पुण्याला जातो’ ही कारखानदारांची खंत खोटी नाही. मात्र पगार आणि बढती दिसली तर घर सोडण्याची हौस फारच थोड्यांना असते. चार माग चालवणाऱ्या खर्चीवाल्याला एकट्याने उमेदवार पोसणे परवडणार नाही, हेही खरे. दहा जणांनी मिळून दोन पोरे घेतली, तर भार हलका होईल.

म्हणून आईबापांनी दोन प्रश्न विचारावेत. कॉलेजला : माझ्या मुलाने लिहिलेले कोणी तपासून, चुका दाखवून परत देते का? कारखानदाराला : पहिले सहा महिने त्याला शिकवणार कोण? या दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत साऱ्या अपयशाचे ओझे बावीस वर्षांच्या पोरावर टाकू नये.