चेकअप आहेच की पुढच्या आठवड्यात!

मंडळी, भारतातून आई-बाबा बहारीनला आले की आपण त्यांना काय काय दाखवतो? बाब-अल-बहारीन, गोल्ड सूक आणि हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’! त्या पॅकेजमध्ये कधीकधी मानेची डॉपलर सोनोग्राफीही असते. माझं भांडण या तपासणीशी नाही. गरज नसलेल्याची ती हौसेने करायची आणि गरज असलेल्याला घरी झोपवून ठेवायचं, या आपल्या सवयीशी आहे.

आमच्याच घरचं सांगते. २०२२ च्या नोव्हेंबरात अमवाजला पाण्याकाठी फिरताना बाबांची जीभ जड झाली, उजव्या हातातली बाटली गळून पडली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत! “प्रवासाचा शीण असेल, चेकअप आहेच की पुढच्या आठवड्यात,” असं आम्हीच ठरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली. मग डॉपलर झाली. मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी कॅरोटिड धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद झाली होती.

तपासणी साधी असते. मानेला जेल लावून यंत्र फिरवतात. ना सुई, ना क्ष-किरण. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उसळतं, तसाच चिंचोळ्या जागी रक्ताचा वेग वाढतो. त्या वेगावरून अरुंदपणाचा अंदाज बांधतात.

ती वेळेवर झाली तर उपयोग किती? उत्तर अमेरिकेतल्या ‘नॅसेट’ अभ्यासाने १९९१ सालीच दाखवलं की, लक्षणं दिसलेल्या आणि धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेमुळे दोन वर्षांतला त्या बाजूच्या पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो.

“मग सगळ्यांचीच करून टाकली तर बिघडलं कुठे?” बिघडतं! अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २००७, २०१४ आणि २०२१ मध्ये लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये, असंच सांगितलं. नसलेला दोष दिसतो, घर हादरतं, पुढच्या तपासण्या लागतात. आणि शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा धोका असतोच. त्यापेक्षा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळा आणि तंबाखू-सिगारेट सोडवा. शिवाय ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात आला की हेच सगळं विसरायला आपण मोकळे!

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, एका डोळ्यापुढे पडदा आला, तर ते मिनिटभरात थांबलं तरी थांबू नका. इथे ९९९, महाराष्ट्रात १०८. अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

बाबा आता डाव्या हाताने जेवायला शिकले आहेत. ते पॅकेज मात्र तसंच पडून राहिलं.