बुरशीच्या नावानं चांगभलं

परवा अमरावतीहून अकोल्याला मामांकडे जाऊन आलो. त्यांचं शेत शहराबाहेर, नाल्याला लागून. नाल्यावर मोटर, आणि त्या पाण्यावर पालक, मुळा, फुलकोबी. मी तोंड वाकडं केलं तसे मामा म्हणाले, "काही नाही होत रे बापू, यंदा मायकोरायझा टाकला. दुकानदार म्हणे, हे बुरशी जमिनीतलं सारं इख पिऊन टाकते."

हेच आता शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकू येतं. म्हणून हे लिहितोय.

बुरशी खोटी नाही बरं का. ती मुळांत शिरते, मातीत केसाहून बारीक तंतू पसरते, झाडाला स्फुरद आणि जस्त आणून देते, बदल्यात साखर घेते. चाळीस कोटी वर्षांचा संसार आहे हा! मातीत शिसं, कॅडमियम असेल तर पुष्कळदा ते तंतूंत आणि मुळांतच अडकतं, वर कमी जातं. पण अडकवणं म्हणजे संपवणं नव्हे. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुणालाच पचत नाही. तंतू कुजले की ते पुन्हा मातीतच.

आणि खरी गंमत पुढेच आहे. कापूस, तूर, ज्वारीशी या बुरशीचं छान जमतं. पालक, मुळा, कोबी, फुलकोबीच्या मुळांशी ती जवळपास नांदतच नाही! त्यात पालक म्हणजे कॅडमियम पानात ओढून घेण्यात पटाईत. मांडव घातला, पण नवरदेवच नाही.

नागपूरच्या नीरीने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं जगवली, त्यात ही बुरशी होती, हे खरं. पण ती झाडं होती. त्यांची कुणी भाजी करत नाही.

२०१८च्या जानेवारीत मोर्णा साफ करायला हजारो अकोलेकर नदीत उतरले, जलकुंभी उपसली. अभिमान वाटला. पण जलकुंभी डोळ्यांना दिसते, शिसं दिसत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यात शिसं नाही, कॅडमियम नाही. मग मामांना कळणार कसं? सांडपाणी शुद्ध करून सोडायचं काम माणसांचं. ते करायचं नाही, आणि शेतकऱ्याला बुरशीचं पाकीट विकायचं, याला विज्ञान म्हणत नाहीत.

निघताना मामींनी पालकाच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या. नाही म्हणवलं नाही. घरी आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अन् आपण बाजारातून आणतो, थे कुठून येते?"

मामा, हे वाचलंत तर रागावू नका. माती आणि पालक, दोन्हींचा नमुना काढून ठेवा. कृषी विद्यापीठ तुमच्याच गावात आहे, तिथे चौकशी करू. तपासणीचा खर्च माझा. तोवर त्या पाण्यावर पालकाऐवजी कापूस लावा.