नियत साफ, पण पैसे कुठे गेले?

रमजान लागला की मोबाइलवर ठरावीक पोस्ट फिरू लागतात. नळ्या लावलेलं मूल, हॉस्पिटलच्या बिलाचा फोटो, खाली क्यूआर कोड आणि 'जकात चालेल' अशी ओळ. आपण हळहळतो, पाचशे रुपये पाठवतो आणि पोस्ट पुढे ढकलतो. खरं-खोटं पाहिलंस का, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं : "आपली नियत साफ आहे, बाकी त्याचं तो जाणे."

हे उत्तर मला मान्य नाही. जकात ही आपली मेहेरबानी नाही, दुसऱ्याचा हक्क आहे. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत तिचे आठ हक्कदार ठरवून दिलेत. त्यात जकात गोळा करण्याचं काम करणारेही आहेत, म्हणजे हे काम मेहनतान्याच्या लायकीचं मानलंय. हनफी फिकहमध्ये तर शंका असूनही चौकशी न करता दिलं आणि घेणारा हक्कदार नव्हता असं निघालं, तर जकात अदा होत नाही. चौकशी करूनही चूक झाली, तर होते. मग नुसत्या नियतीच्या आड कसं लपायचं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फोटोतला क्यूआर कोड बदलायला पाच मिनिटं पुरतात. मूल खरं, आजार खरा, बिलही खरं. फक्त खातं भलत्याचंच. मूल बरं होऊन घरी गेलं तरी पोस्ट फिरतच राहते. आणि यूपीआयने गेलेले पैसे परत बोलवायचं बटण नसतं.

"सगळेच फसवतात" म्हणून हात आखडणाऱ्यांनी मात्र खूश होऊ नये. खोट्या पोस्टचा दंड खऱ्या रुग्णाने का भरावा? चौकशी काही अवघड नाही. हॉस्पिटलचा नंबर पोस्टवरून न घेता स्वतः शोधा आणि फोन करा. पैसे शक्यतो हॉस्पिटलच्याच खात्यात, रुग्णाच्या नावे भरा. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. आणि कुटुंबाला विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते पाहिलंत? महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा अर्ज भरून देणं हीसुद्धा मदतच आहे.

शिवाय जे मागतच नाहीत, त्यांचं काय? सूरह बकराच्या 273व्या आयतीत अशाच गरजूंचा उल्लेख आहे, ज्यांना अनोळखी माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो. गल्लीत शिवणकाम करून घर चालवणारी विधवा, फी थकली म्हणून कॉलेज सोडलेला मुलगा. त्यांची पोस्ट कधीच व्हायरल होणार नाही.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं. घरी जावं, कागद पाहावेत, जमा-खर्च लिहावा आणि घेणाऱ्याचं नाव झाकून तो मशिदीच्या फलकावर लावावा. देणाऱ्याला हिशेब मिळेल, घेणाऱ्याची आब्रू राहील.

तोवर एवढं तरी पाळा : स्वतः खात्री न केलेली पोस्ट पुढे पाठवू नका. तुमची खाला पैसे देते ती त्या मुलाचा फोटो पाहून नव्हे, पाठवणारे तुम्ही आहात म्हणून. फॉरवर्ड केलंत की तुम्ही जामीन राहिलात.