टाचेतल्या इंजेक्शननंतरचे चार आठवडे

टाचदुखी घेऊन ऑर्थोपेडिककडे गेलेल्या माणसाला हमखास ऐकायला मिळतं, ‘हाड वाढलंय, एक इंजेक्शन देऊन टाकू.’ या वाक्याच्या दोन्ही तुकड्यांवर माझा आक्षेप आहे. पहिला तुकडा बहुतेक वेळा गैरलागू असतो आणि दुसरा अर्धवट. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. त्याने आराम पडतो, आणि तो आराम खरा असतो. पण तो साधारण महिनाभर टिकतो, हे रुग्णाला सांगितलं जात नाही. त्या महिन्यात काय करायचं, हे तर कुणीच सांगत नाही. दुखणं परतलं की दुसरं इंजेक्शन, मग तिसरं. महिन्याभराचा आराम वापरायची तयारी आधी करावी आणि मगच सुई लावावी, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

आधी दुखतं ते काय, हे पाहू. टाचेच्या हाडाच्या खालून, आतल्या बाजूने निघून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पडदा तळव्यात असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान हे धनुष्य मानलं तर हा पडदा त्याची दोरी. पाऊल उचलताना बोटं वाकली की तो ताणला जातो, आणि हा ताण दिवसातून हजारो वेळा पडतो. वजन वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं काम, किंवा सवय नसताना एकदम सुरू केलेलं धावणं, यातलं काहीही असलं की हाडाला चिकटलेल्या जागी पडदा झिजू लागतो आणि जाड होतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, सकाळी पहिलं पाऊल टेकताच ती जागा एकदम ताणली जाते, म्हणून कळ सकाळी सगळ्यात जास्त. एक्सरेमध्ये दिसणारा हाडाचा काटा टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या पायातही सापडतो. दुखणं पूर्ण थांबल्यावरही तो तिथेच असतो. तेव्हा ‘हाड वाढलंय’ या निदानाने रुग्ण घाबरतो, पण उपचाराची दिशा त्यातून ठरत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या पडद्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दाह फारसा आढळलाच नाही. दिसले ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. स्टेरॉइडचं मुख्य काम दाह शमवण्याचं. जुन्या टाचदुखीत ते कळ कमी करतं हे खरं, पण झिजलेला पडदा त्याने भरून येतो असं मानायला आधार नाही.

पुरावा काय सांगतो? ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. ८२ रुग्ण होते. निम्म्यांना सोनोग्राफीने जागा पाहून स्टेरॉइड दिलं, उरलेल्यांना तसंच सलाइन. कुणाच्या टाचेत काय गेलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. चार आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं: दर तीन जणांमागे एकाला सलाइनपेक्षा जादा फायदा, असा हिशोब निघाला. आठव्या आणि बाराव्या आठवड्यात मात्र दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक उरला नव्हता. २०१७ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ३९ चाचण्या आणि जवळपास अडीच हजार रुग्णांची माहिती एकत्र केली. निष्कर्ष तोच निघाला. महिनाभर थोडा आराम, त्यापुढे काही नाही, आणि हा पुरावाही कमी दर्जाचा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातच १०३ रुग्णांवर इंजेक्शन आणि बुटात घालायचे इनसोल यांची तुलना झाली. चौथ्या आठवड्यात इंजेक्शन पुढे होतं, बाराव्या आठवड्यात इनसोल. हे सगळे अभ्यास एकाच महिन्याकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या महिन्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

जोखमीबद्दल बोलताना अतिशयोक्ती टाळायला हवी. १९९८ सालच्या एका अमेरिकी पाहणीत टाचदुखीच्या ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा पडदा फाटल्याचं निदान झालं होतं, आणि त्यातल्या ४४ जणांनी आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं होतं. आकडा दचकवणारा आहे, पण ज्यांचं दुखणं जास्त त्यांनाच इंजेक्शन मिळतं, म्हणून सगळा दोष सुईवर टाकता येणार नाही. रीतसर चाचण्यांमध्ये असं फाटणं क्वचितच नोंदलं गेलं आहे. तरी विसरून चालेल अशी ही गोष्ट नाही. पडदा फाटला की जुनी कळ काही वेळा अचानक थांबते, आणि मग पायाची कमान खचून तळव्याच्या बाहेरच्या कडेला नवं दुखणं सुरू होतं. त्याशिवाय टाचेखालची चरबीची गादी पातळ होणं हा एक धोका आहे. ही गादी एकदा झिजली की पुन्हा भरून येत नाही आणि मग प्रत्येक पाऊल हाडावर पडल्यासारखं लागतं. मधुमेही रुग्णाची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, हे तर सुई लावण्याआधीच सांगायला हवं. पहिल्या इंजेक्शनमध्ये ही जोखीम लहान असते. एकामागोमाग एक इंजेक्शनं घेणाऱ्या, मधल्या काळात दवाखाना बदलणाऱ्या आणि किती सुया झाल्या याची कुठेच नोंद नसलेल्या रुग्णाची मला खरी काळजी वाटते.

मग त्या चार आठवड्यांत करायचं काय? दोन व्यायाम असे आहेत की ज्यांची नीट तपासणी झाली आहे. पहिला पलंगावरून उतरण्याआधीचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवायचा, हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढायची, तळव्यातली दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताने चाचपायची, दहा आकडे मोजून सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये अमेरिकेत १०१ जुन्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या पोटरी ताणण्यापेक्षा याचा फायदा जास्त दिसला. दुसरा डेन्मार्कमधला, ४८ रुग्णांवर तपासलेला. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि टाच सावकाश उचलायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंद खाली. एक दिवस आड करायचा आणि जमू लागलं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं घालून वजन वाढवत न्यायचं. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारा गट तुलनेच्या गटापुढे होता, वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच झाले. आठवडाभर नुसतं उभं राहतानाही टाच कळवळत असेल तर हा दुसरा व्यायाम कुणाच्यानेही होत नाही. इंजेक्शनचा उपयोग नेमका इथे आहे.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. २०२३ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फक्त सल्ला आणि टाचेखाली ठेवायचा मऊ कप, दुसऱ्याला त्यासोबत वजनाचा व्यायाम, तिसऱ्याला या दोन्हींसोबत इंजेक्शन. बाराव्या आठवड्यात व्यायामाने फारशी भर घातलेली दिसली नाही. इंजेक्शनवाला गट पहिल्या गटाच्या पुढे होता, पण १०० गुणांच्या मोजपट्टीवर साधारण ९ गुणांनीच. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून जी १४ गुणांची रेघ धरली होती, तिच्या आत. याउलट २०१९ सालच्या ९० रुग्णांच्या आणखी एका डॅनिश चाचणीत इंजेक्शन आणि व्यायाम एकत्र देणं हे दोन्हींपैकी कोणत्याही एकापेक्षा सरस ठरलं होतं. दोन अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तसं असताना व्यायाम केला की टाच बरी होणारच, असं छातीठोकपणे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण २०२३ च्या चाचणीत तिन्ही गटांना समान मिळालेली गोष्ट कोणती होती ते पाहा. दुखणं कशाने वाढतं, दिवसभरात टाचेवर किती भार पडतो, तो कसा कमी करून पुन्हा हळूहळू वाढवायचा, हे रुग्णासोबत बसून कुणीतरी सांगितलं होतं. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत हेच वगळलं जातं. सुईला पाच मिनिटं लागतात, या बोलण्याला वीस.

सर्वांत वजनदार आक्षेप पोटापाण्याचा आहे. पोळी-भाजी केंद्रात सकाळपासून ओट्याशी उभी असणारी बाई, साड्यांच्या दुकानातली सेल्सगर्ल, वॉर्डमधली नर्स, चौकातला ट्रॅफिक पोलीस, यांना ‘भार कमी करा’ म्हणणारा डॉक्टर कोणत्या जगात राहतो, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. अशा माणसाचा खाडा म्हणजे बुडालेला रोज. त्यांना इंजेक्शन नाकारणं अन्याय होईल आणि मी तसं सुचवत नाही. पण धोकाही त्यांनाच जास्त आहे. दुखणं थांबलं म्हणून तीच टाच त्याच फरशीवर पुन्हा दहा तास उभी राहते. झिजलेल्या पडद्यावरचा भार तसाच, फक्त थांब म्हणणारी कळ काढून घेतलेली. त्यांना सुई देताना पायात मऊ, थोड्या उंच टाचेची चप्पल हवी, घरातही अनवाणी न चालण्याचा सल्ला हवा, ओट्यापाशी जाड रबरी चटई हवी, आणि कामाच्या जागी बसायला स्टूल हवं. हे शेवटचं डॉक्टरच्या हातात नाही, म्हणून कायद्याचा विषय निघतो. कापडदुकानांतल्या बायकांनी लढा दिल्यानंतर केरळने २०१८ मध्ये आणि मग तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. दादरच्या किंवा लक्ष्मी रोडच्या साडीदुकानातल्या मुलीच्या टाचेला त्या स्टुलाची गरज केरळच्या कोळिकोडमधल्या मुलीपेक्षा तसूभरही कमी नाही.

मोठ्या शहरांत आता पीआरपीचा पर्याय सर्रास सुचवला जातो. रुग्णाचंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेट्सने दाट झालेला भाग टाचेत टोचायचा. खर्च स्टेरॉइडच्या कितीतरी पट. समर्थक नेदरलँड्समधल्या २०१९ सालच्या ११५ रुग्णांच्या चाचणीचा दाखला देतात, त्यात वर्षानंतर पीआरपीवाल्यांचं दुखणं स्टेरॉइडवाल्यांपेक्षा कमी होतं. चाचणी चांगली आहे. पण तुलना कशाशी केली? ज्या औषधाचा फायदा महिन्यात ओसरतो त्याच्याशी. त्याला वर्षभराच्या शर्यतीत हरवणं ही मोठी परीक्षा नव्हे. खरी परीक्षा सलाइनशी किंवा नुसत्या सुईशी. टाचेच्या मागच्या अकिलिस टेंडनच्या जुन्या दुखण्यात ती परीक्षा झाली आहे: २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर. दोन्हींत पीआरपीने काही जादा दिलं नाही. टेंडन आणि तळव्यातला पडदा एकच नाहीत हे मान्य. पण झीज त्याच जातीची आहे, आणि एवढा पैसा मागणाऱ्याने पुरावाही तेवढा द्यायला हवा. ‘स्वतःचंच रक्त, त्यामुळे अपाय नाही’ हे म्हणणं उपचार उपयोगी असल्याचा पुरावा होत नाही.

‘हे वर्षभरात आपोआप बरं होतं’ असं म्हणून काहीच न करणारेही भेटतात. २०१८ साली छापून आलेल्या कोपनहेगनच्या पाहणीत १७४ रुग्णांची ५ ते १५ वर्षांनंतर माहिती घेतली, तेव्हा पाच वर्षांनीही निम्म्या लोकांची टाच दुखत होती. हे रुग्णालयापर्यंत आलेले, म्हणजे त्रास जास्त असलेले लोक होते हे लक्षात घेतलं तरी नुसती वाट पाहण्याचा सल्ला त्यांना पुरणारा नव्हता. आणि प्रत्येक टाचदुखी ही पडद्याचीच असते असंही नाही. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडलेली असते, अशा वेळी संधिवाताची तपासणी आधी करायची. रात्री झोपेत ठणका, बधिरपणा, मुंग्या असतील तर नस किंवा हाड पाहायचं. अशा टाचेत स्टेरॉइड टोचलं तर महिनाभर निदानच लांबतं.

म्हणून केसपेपरवर चार ओळी सक्तीच्या असाव्यात असं मला वाटतं. कोणत्या टाचेत, कोणतं औषध, किती मात्रा आणि हे कितवं इंजेक्शन. त्याच कागदावर दहा दिवसांनंतरची फिजिओची तारीख लिहिलेली असावी आणि मधुमेही रुग्णासाठी पहिल्या आठवड्यात साखर कधी तपासायची तेही. दवाखाना बदलला तरी हा कागद रुग्णासोबत जायला हवा. दुसऱ्यांदा सुई मागायला आलेल्याला आधी विचारावं की मधल्या महिन्यात पायाखाली काय बदललं. आणि तिसरं इंजेक्शन, सोनोग्राफीत पडद्याची जाडी आणि फाट तपासल्याशिवाय, कोणत्याही ऑर्थोपेडिकने देऊ नये.