गाळलेले कडवे

चर्चच्या रविवारच्या शाळेतील एका बालगीतावर दिवाळी अंकाची पाने कशाला खर्चायची, असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! लहानपणी पाठ केलेले गाणे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. म्हणूनच मोठेपणी तरी त्याची झडती घेतली पाहिजे.

गाणे आहे सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या आयरिश बाईंचे, 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल'. १८४८ साली निघालेल्या 'हिम्स फॉर लिटल चिल्ड्रन' या त्यांच्या पुस्तकातले. ईश्वर हा आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माता आहे, हे ख्रिस्ती श्रद्धावचन मुलांना उमगावे म्हणून ते रचलेले. फुले, पाखरे, डोंगर, नदी, सारे देवाने केले. मिशनच्या शाळेत मीही ते तालासुरात म्हटले आहे. माझे वडील त्याच शाळेच्या फाटकावर पहारेकरी होते.

पुढे चाळिशीत, रद्दीच्या दुकानात एक जुनी प्रत हाती लागली आणि आम्हांला कधीच न शिकवलेले एक कडवे वाचले. श्रीमंत आपल्या गढीत, गरीब तिच्या दाराशी. दोघांना देवानेच घडवले आणि त्यांची पायरीही त्यानेच नेमून दिली, असा त्याचा भावार्थ. मला वडिलांचे फाटक आठवले.

बाईंचे कैवारी सांगतात, दोघेही देवाची लेकरे, एवढेच त्यांना म्हणायचे आहे. मला हे मुळीच मान्य नाही. तेवढेच म्हणायचे होते, तर पायरी कशाला काढली? आणि साल पाहा. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने कुजत होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याच काळात तिथल्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते. रोग निसर्गाचा असेल. जहाजे माणसांनी भरली. बाई निर्दय नव्हत्या. पुस्तकाचे उत्पन्न त्यांनी मूकबधिरांच्या संस्थेला दिले. दया होती, दाराशी उभा असलेला तिथे का उभा आहे, हा प्रश्न मात्र नव्हता.

पर्सी डिअरमर यांनी १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'मधून ते कडवे गाळले. १९८२ साली लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने आपल्या शाळांत त्याला मनाई केली. सगळे खूश! माझे भांडण आहे ते या कात्रीशी. कडवे गेले म्हणून फाटक जात नाही; ते फक्त गाण्यातून दिसेनासे होते. ज्या शाळेने ते कडवे आम्हांला शिकवले नाही, तिच्याच फाटकावर माझे वडील अखेरपर्यंत उभे राहिले. बसायला स्टूलही मिळाले नाही.

आपणही शेखी मिरवू नये. पायरी जन्माने ठरते, हे आपल्याकडे तर धर्मशास्त्रानेच सांगितले. त्याच १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ईश्वराला ते 'निर्मिक' म्हणत, म्हणजे निर्माताच. पण निर्मिकाने माणसे स्वतंत्र आणि समान केली, पायऱ्या माणसांनी रचल्या, असे त्यांनी ठणकावून सांगितले. श्रद्धा एकच, निष्कर्ष दोन टोकांचे!

म्हणून माझे म्हणणे असे, की ते कडवे पुन्हा छापा. मुलांना ते वाचून दाखवा आणि विचारा, डोंगर कुणी केला? फाटक कुणी केले? या दोन प्रश्नांचे उत्तर एक नव्हे, हे ज्या मुलाला कळले त्याने उरलेले गाणे खुशाल मोठ्याने म्हणावे. गाणे गोड आहे. मला ते अजून पाठ आहे.